आवाज बेसूर आहे, मग सोलो कसा सुचणार?

‘बोटं पळतात, पण स्वतःचं काही सुचत नाही. माझ्यात ते नाहीच का?’ गिटार शिकणारी बरीच मुलं हे विचारतात. लालबागहून दादरला माझ्याकडे येणाऱ्या २२ वर्षांच्या मुलाचाही हाच घोर होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पेंटाटॉनिकचे, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलचे, पाचही बॉक्स (गिटारवर बोटं ठेवायच्या ठरलेल्या जागा) त्याला पाठ. पण बॅकिंग ट्रॅक (मागे वाजणारी तयार साथ) लावला की त्यावर स्वतः रचत वाजवायचा सोलो दरवेळी तोच, कुठेही न थांबणारा.

मी म्हटलं, ‘गिटार बाजूला ठेव. सोलो गाऊन दाखव.’

तो आक्रसला. ‘मॅडम, मला गाता येत नाही.’

असं कुणी सांगितलं, हे बाहेर यायला दोन भेटी गेल्या. चौथीत समूहगीताच्या वेळी बाई म्हणाल्या होत्या, ‘तू नुसते ओठ हलव.’ तेव्हापासून तो बाथरूममध्येही गुणगुणला नव्हता. लहान मुलाला असं बोलू नये हो, कधीच.

गाणं राहू दे म्हटलं, चाळीत येणाऱ्या भाजीवाल्याची आरोळी करून दाखव. ती त्याने हुबेहूब काढली, शेवटी खाली घसरणाऱ्या स्वरासकट. कान पक्का होता. मग तीच गिटारवर शोधायला लावली. तीन स्वर सापडले, शेवटचा कुठल्याच फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या पट्टीवर) बसेना. त्याने तार आधी ओढून धरली, छेडली, हळूच सैल सोडली आणि आरोळी गिटारमधून आली. तो पहिल्यांदाच हसला.

आपल्याकडे सतार शिकणाऱ्यालाही गायला लावतात. विलायत खाँसाहेबांची सतार तर गायकी अंगासाठीच, म्हणजे गायल्यासारख्या वादनासाठीच ओळखली जाते. अमेरिकन जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सन सोलो वाजवताना तेच स्वर सोबत गातात. आपला आवाज तेवढा गोड नसला तरी चालतं, स्वर ओळखू आला की झालं. वरचा स्वर झेपत नसेल तर एक सप्तक खाली गावा.

मोठा फायदा श्वासाचा. बोटांना दम लागत नाही, म्हणून सोलोला स्वल्पविराम मिळत नाही. एका श्वासात मावेल तेवढंच गा, फोनवर रेकॉर्ड कर, मग तेवढंच तारांवर शोध, एवढाच अभ्यास मी दिला.

एका खोलीच्या घरात गायचं कुठे, ही अडचण खरीच होती. तो गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊ लागला. सहाव्या भेटीत त्याने आठ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) सोलो ऐकवला. मध्ये एक अख्खा बार शांत होता.

‘इथे श्वास घेतला,’ तो म्हणाला.