वाचकांचे प्रश्न : ड्राइव्हशाफ्ट सारखे तुटतात, जाड घेऊ का?

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे रिमोटवर चालणारा १/८ स्केलचा ब्रशलेस मोटरचा मॉन्स्टर ट्रक आहे. आधी ४एस (चार सेलच्या) बॅटरीवर चालवायचो तेव्हा काही त्रास नव्हता, पण ६एस (सहा सेलची) लावली आणि महिन्याभरात मागचे तीन ड्राइव्हशाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे) गेले, पुढचा मात्र एकही नाही. गाडीसोबत आलेले साधे डॉगबोन (दोन्ही टोकांना गोळा आणि पिन असलेले दांडे) होते. आता जाड स्टीलचे सीव्हीडी (एका टोकाला सांधा असलेले, 'समान वेगाचे' म्हणवणारे शाफ्ट) बघून ठेवलेत, टायटॅनियमचे पण मिळतात, आणि मित्र म्हणतो अॅल्युमिनियमचे घे, हलके असतात. चारही बदलू की फक्त मागचे? आणि बदलल्यावर परत तुटणार नाहीत ना? — एक वाचक

उत्तर : सगळ्यात आधी एक सांगा, तुटलेले तुकडे ठेवलेत ना? टाकले नसतील तर आज काढून नीट बघा, कारण काय घ्यायचं ते तुकडाच सांगतो. दांडा मधे दोरासारखा पिळला गेलाय आणि मग आडवा सपाट तुटलाय, तर धातू मऊ आहे आणि पीळ त्याच्या ताकदीबाहेर गेला. तिरका तुटलाय, म्हणजे खडू दोन्ही टोकांना धरून पिळला की जसा तिरका तुटतो तसा, तर स्टील कडक आहे पण ठिसूळ आहे. तुटलेल्या जागी अर्धा भाग जुना काळपट आणि अर्धा ताजा चकचकीत दिसतोय तर तडा आधीपासून होता, शेवटची उडी फक्त निमित्त झाली. आणि दांडा शाबूत आहे पण टोकाचा गोळा किंवा पिन गेलीय, ते टोक ज्या कपात बसतं त्याचे कान फाकलेत, तर दोष जाडीचा नाही, शाफ्ट किती तिरका फिरतो त्या कोनाचा आहे, आणि तिथे जाड दांडा घालून काही फरक पडणार नाही.

आता ६एस मुळे नक्की काय बदललं ते बघा. लोकांना वाटतं पॉवर वाढली म्हणून शाफ्ट तुटला. पण जमिनीवर गाडी असताना शाफ्टवर किती पीळ येणार ते टायरची पकड ठरवते, पकड संपली की चाक घसरतं आणि पीळ तिथेच थांबतो. समजा गाडी ६ किलोची आहे, टायरची त्रिज्या ८ सेंटीमीटर, आणि व्हीली मारल्यामुळे (पुढची चाकं उचलली गेल्यामुळे) सगळं वजन मागच्या दोन चाकांवर आलंय. चांगली पकड धरली तरी एका शाफ्टवर साधारण अडीच न्यूटन-मीटर पीळ येतो, ५ मिलिमीटरच्या दांड्यात त्याचा ताण १०० मेगापास्कलच्या आसपास जातो आणि चांगलं कडक केलेलं स्टील त्याच्या कितीतरी पट सहन करतं. म्हणजे नुसता थ्रॉटल दाबून शाफ्ट तुटायला नको.

तुटतो तो उडीनंतर. गाडी हवेत असते, चाकांना पकड नसते, थ्रॉटल दाबलेला असतो, त्यामुळे चाकं सुसाट फिरत राहतात, आणि खाली टेकल्या क्षणी जमीन त्यांना गाडीच्या वेगावर खेचून आणते. ४एस चे १४.८ व्होल्ट आणि ६एस चे २२.२, म्हणजे दीडपट, त्याच मोटरवर चाकांचा वेग पण जवळपास दीडपट, आणि फिरणाऱ्या वस्तूत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट. शिवाय एकटी चाकं नाही थांबत हो, मोटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) पण थांबतो. एकूण गिअर रेशो १२ असेल (चाकाच्या एका फेरीला मोटरच्या १२) तर रोटरचं जडत्व चाकांच्या बाजूने १२ च्या वर्गाने, म्हणजे १४४ पट जाणवतं, आणि तो सगळा धक्का मधल्या बारीक दांड्यातून जातो. मागचेच का गेले त्याचं उत्तर पण इथेच आहे, थ्रॉटल दाबून उडी मारली की नाक वर राहतं आणि मागची चाकं आधी टेकतात.

म्हणून पहिला अपग्रेड तुमच्या बोटात आहे. टेकायच्या जरासं आधी थ्रॉटल सोडा, अगदी शून्यावर नाही आणि ब्रेक तर नाहीच, चाकं गाडीच्या वेगाएवढी फिरतील इतपत ठेवा. मी हे शिकायला बराच वेळ घालवला आणि तोवर शाफ्टच बदलत बसलो होतो, तुम्ही तसं करू नका असं मनापासून वाटतं.

आता खरेदी. जाडी वाढवणं खरंच उपयोगी आहे कारण पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, ५ चा ६ मिलिमीटर केला तर ताकद ७० टक्क्यांहून जास्त वाढते आणि वजन साधारण ४४ टक्के, सौदा चांगला आहे. कडक केलेलं स्टील घ्या. अॅल्युमिनियम या कामाला नको, मित्राचं म्हणणं हलकेपणापुरतं बरोबर आहे पण स्टीलची पिन अॅल्युमिनियमच्या भोकात आपटत राहिली की भोक लांबुळकं होतं आणि मग सगळंच खुळखुळतं. टायटॅनियम हलकं आणि मजबूत असतं, पण घासलं की लवकर खरवडतं, त्यामुळे दांडा टायटॅनियमचा आणि सांधे-पिना स्टीलच्या असतील तरच विचार करा. तुमच्या वापराला मी स्टीलच म्हणेन. आधी फक्त मागची जोडी बदला, पुढचे टिकलेत तर राहू द्या, पण बदलताना जोडीच बदला, एक जुना एक नवा नको.

घेताना जाडीपेक्षा जास्त लक्ष लांबीवर आणि गोळ्याच्या मापावर द्या, हे बहुतेक जण विसरतात. शॉक ॲबसॉर्बर जागेवर ठेवून फक्त त्यांच्या स्प्रिंग काढा, चाक हाताने पूर्ण वर दाबा आणि पूर्ण खाली सोडा, दोन्ही टोकांना शाफ्टला किंचित मागेपुढे खेळ राहिला पाहिजे. वर दाबल्यावर शाफ्ट कपच्या तळाला टेकत असेल तर तो बेअरिंग आणि डिफ (डावी-उजवी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) दोन्ही खाणार. आणि खाली सोडल्यावर गोळा कपच्या तोंडाशी येत असेल किंवा हाताने फिरवताना अडखळत असेल तर ड्रूप, म्हणजे चाक खाली लटकण्याचं अंतर, कमी करा, आर्मवर ड्रूप स्क्रू असेल तर त्याने, नाहीतर शॉकच्या आत पिस्टनखाली छोटा स्पेसर घालून. बऱ्याच गाड्यांचं शाफ्ट तुटणं एवढ्यानेच थांबतं.

सीव्हीडीची पिन पकडणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) कंपनीतून आलाय म्हणून तसाच वापरू नका. काढा, तेल पूर्ण पुसा, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा आणि रात्रभर सुकू द्या. पुढे कधी काढायचा झाला तर आधी गरम करा, नाहीतर ऍलन कीचं भोक गोल होऊन बसतं.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, परत तुटणार नाहीत ना? शाफ्ट कदाचित नाही, पण धक्का कुठे जात नाही, तो पुढच्या कमजोर जागी जातो आणि ती जागा बहुतेक वेळा डिफ असते. म्हणून शाफ्ट बसवायच्या दिवशीच डिफ उघडा, क्राउन आणि पिनियनचे (आतल्या मोठ्या आणि छोट्या गिअरचे) दात बघा, ढिले असतील तर शिम (पातळ चकती) घाला. गाडीला स्लिपर क्लच (जास्त धक्का आला की घसरणारा क्लच) असेल तर तो पूर्ण आवळून ठेवू नका, धक्का खायचं कामच त्याचं आहे. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रात) पंच, म्हणजे थ्रॉटल देताच मिळणारा झटका, कमी करता येतो तो पण एक-दोन पायऱ्या खाली आणा. हे न करता नुसते जाड शाफ्ट घातले तर तुम्ही स्वस्त भाग वाचवून महाग भाग तोडाल.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. माझ्या शॉर्ट कोर्स ट्रकला एकात एक सरकणारे प्लास्टिकचे शाफ्ट आहेत. ३एस वर मागचा पिळून पांढरा पडलाय. लगेच स्टीलचे घेऊ का? — एक विद्यार्थी वाचक

उत्तर : बाळा, पांढरा पडलाय म्हणजे प्लास्टिक ताणलं गेलंय, तो आता जाणार, बदलूनच टाक. पण प्लास्टिक वाईट नसतं, ते थोडं पिळतं म्हणून डिफचे दात वाचतात. २एस वरच चालवणार असशील तर परत प्लास्टिकचेच घाल आणि एक जोडी जवळ ठेव. ३एस सोडायची नसेल तर मागे स्टील, पुढे प्लास्टिक असं कर, आणि स्लिपर अर्धी फेरी ढिला कर. एक मात्र काळजी घे, गाडी हातात धरून चाकं पूर्ण वेगात फिरवून शाफ्ट तपासू नकोस, टायर फुगून फाटतात आणि बोटं जवळ असतात.

प्रश्न : पुढे नवीन सीव्हीडी घातले, सरळ चालताना सगळं ठीक, पण पूर्ण वळवलं की पुढून थरथर येते. पीस खराब आहे का? — एक वाचक

उत्तर : बहुतेक नाही. नावात समान वेग असला तरी आतला सांधा साध्या युनिव्हर्सल जॉइंटसारखाच आहे, त्यामुळे कोनात फिरताना चाकाचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. ३० अंशांवर तो सुमारे १३ टक्के खाली आणि १५ टक्के वर जातो, तीच थरथर तुम्हाला जाणवते. रिमोटवर स्टिअरिंगचा एंडपॉइंट (चाक किती वळावं याची मर्यादा) थोडा कमी करून बघा, कोन कमी झाला की फरक लगेच कळेल. सरळ चालतानाही थ्रॉटल देताच कटकट आवाज आला तर मात्र शाफ्ट नाही, डिफ उघडा.