बर्फाचा भार आणि होडीवरची ताडपत्री

प्रश्न : आम्ही न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ राहतो. आमची 20 फुटी मोटरबोट हिवाळाभर घराच्या भिंतीलगत, ट्रेलरवर, ताडपत्री घालून उभी असते. गेल्या हिवाळ्यात एका रात्रीच्या बर्फाने ताडपत्रीला मधोमध झोळ पडला, आधाराचा एकुलता खांब वाकला आणि थंडी ओसरल्यावर पाहिले, तर होडीत घोटाभर पाणी साचले होते. यंदा अधिक जाड ताडपत्री घ्यावी का?

उत्तर : ताडपत्री जाड असो वा पातळ, तिला उतार नसेल तर ती बर्फापुढे टिकणार नाही. आपल्या भागात एरी सरोवराचे पाणी नोव्हेंबर-डिसेंबरातही बऱ्यापैकी उबदार असते; त्यावरून येणारा गार वारा बाष्प उचलतो आणि काठावर पोहोचताच अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. नोव्हेंबर 2022च्या वादळात बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्क गावाला 80 इंचांच्या आसपास बर्फ पडला होता. आपल्या होडीचे वरचे क्षेत्रफळ सुमारे 160 चौरस फूट धरले, तर बसून घट्ट झालेल्या फूटभर बर्फाचे वजन 900 किलोंच्या घरात जाते, आणि त्यावर पाऊस पडला की बर्फ ते पाणी स्पंजासारखे धरून ठेवतो व भार आणखी वाढतो.

नुकसानीची सुरुवात मात्र अगदी लहान खळग्यापासून होते. दोन आधारांच्या मध्ये कापड जरासे सैल असते, तिथे दुपारी वितळलेले पाणी जमते, रात्री ते गोठून त्याची चकती तयार होते, आणि पुढचा बर्फ घसरून न जाता त्या चकतीवरच बसतो. कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, तेव्हाही पाणी साचू नये म्हणून मध्ये उंचवटा ठेवतात. परंतु पाऊस थोड्या उतारावरूनही वाहून जातो, बर्फ जात नाही. त्याला 45 अंशांच्या जवळपासचा उतार लागतो. म्हणजेच आठ फूट रुंदीच्या होडीवर कठड्यापासून चार फूट उंच आढे हवे. ही उंची पाहून अनेकजण बिचकतात आणि दोन फुटांवर भागवतात. माझ्या मते सगळा खर्च याच ठिकाणी करावा.

नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत दोन बाय चार इंची लाकडाचे एकसंध आढे घ्यावे, त्याला दर तीन-चार फुटांवर खांब द्यावा आणि आढ्यापासून कठड्यापर्यंत दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांवर वासे टाकावेत. पीव्हीसीचे पाइप स्वस्त पडतात, पण कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतात. खांबाचा पाय आसनावर न टेकवता होडीच्या तळावर फळी ठेवून तिच्यावर उभा करावा, म्हणजे भार पसरेल. लाकडाचे जे जे कोपरे कापडाला लागतील, त्यांवर जुन्या गालिच्याचे तुकडे घट्ट बांधावेत. ताडपत्री ताणून ढोलासारखी ताठ बसवावी आणि दोर होडीच्या पोटाखालून पलीकडच्या बाजूला न्यावेत. ज्यांची होडी ट्रेलरऐवजी टेकूंवर उभी असते, त्यांनी दोर टेकूंना कधीही बांधू नयेत. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की टेकू निसटतो आणि होडी कलंडते. दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा ठेवावी, नाहीतर वसंतात गाद्यांना बुरशी लागलेली आढळेल.

होडीत पाणी साचले, याचा अर्थ तळाचे बूच लावलेले राहिले असावे किंवा भोक पाचोळ्याने बुजले असावे. ट्रेलरचे पुढचे टोक उचलून नाळ उंच ठेवावी, बूच काढून भोक साफ करावे, आणि ते बूच सुकाणूच्या चाकालाच बांधून ठेवावे, म्हणजे होडी पुन्हा पाण्यात उतरवताना विसर पडणार नाही.

एवढे करूनही बर्फ झाडावा लागेलच. पाच-सहा इंच साचताच मऊ केरसुणीने, थोडा एका बाजूचा, थोडा दुसऱ्या बाजूचा असा उतरवावा, कारण एकच बाजू मोकळी केल्यास सांगाड्यावर तिरका भार येतो. धातूचे फावडे, गरम पाणी आणि मीठ टाळावे. मिठाने ट्रेलर गंजतो. कापडाला चिकटलेला बर्फ ओरबाडू नये. ताडपत्रीखाली गॅसची शेगडी लावून बर्फ वितळवण्याचा विचार मात्र मुळीच करू नये, त्यात आग आणि विषारी वायू असे दोन्ही धोके आहेत. झोळ खोल पडला असेल, तर त्याखाली शिरून ढकलायला जाऊ नये.

आपल्या पत्रातील 'भिंतीलगत' हा शब्द मला सर्वांत अधिक खटकला. घराच्या छपरावरचा बर्फ सैल झाला की एकाच लोंढ्यात खाली येतो, आणि तो आघात कोणत्याही सांगाड्याला पेलत नाही. जमीन गोठण्याआधी, ट्रेलर सहज हलतो तोवर, होडी वळचणीपासून दहा-बारा फूट दूर नेऊन ठेवावी.