टीम मालकाची असेल, तर चाहत्याने निष्ठा कशासाठी ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, संघ अब्जाधीश विकत घेतात, विकतात, एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेतात, खेळाडूही जास्त पैसे मिळतील तिकडे जातात. मग वर्षानुवर्षं एकाच संघाला धरून राहणं हा वेडेपणा नाही का, आणि तो संघ खरा कोणाचा?

मी नांदेडचा. शाळेपासून बास्केटबॉल खेळत आलो, आता संध्याकाळी मैदानावर लेकरांना शिकवतो. एनबीएचे सामने आपल्याकडे पहाटे नाहीतर सकाळी लागतात, त्यामुळे उठल्याबरोबर स्कोअर बघायची सवय जुनीच. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. निष्ठा ठेवण्यात काहीही चूक नाही. त्या सगळ्या धंद्यात विकण्याजोगं जे आहे ते चाहत्यांच्या निष्ठेतूनच तयार झालेलं असतं. पण निष्ठेने हक्क मिळत नाही, हक्क कागदावर लागतो. चाहत्याचं नाव त्या कागदावर नसतंच. जिथे निदान शहराने काही लिहून घेतलं होतं, तिथे लोकांच्या हाती काहीतरी उरलं.

सिएटलचं बघा. १९६७ पासून तिथे सुपरसॉनिक्स हा संघ होता, १९७९ मध्ये त्याने विजेतेपदही मिळवलं. २००१ मध्ये स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्झ यांच्या गटाने तो सुमारे २० कोटी डॉलरला घेतला. संघ तोट्यात चालतो, शहर स्टेडियमसाठी पैसे देत नाही, असं म्हणत २००६ मध्ये त्यांनी तो ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाला ३५ कोटी डॉलरला विकला. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रोजच्या हिशेबात तोटा, आणि पाच वर्षांत किंमत मात्र १५ कोटींनी वर. या धंद्यातला मोठा पैसा तिकीट खिडकीवर दिसतच नाही, तो संघ विकायची वेळ येते तेव्हा दिसतो.

नवे मालक संघ सिएटलमध्येच ठेवायचा प्रयत्न करू असं सांगत होते. २००७ मध्ये त्यांच्यातल्याच एका भागीदाराने, ऑब्रे मॅक्लेंडन यांनी, संघ सिएटलमध्ये ठेवायला आम्ही घेतलेलाच नाही, असं एका वर्तमानपत्राला सांगून टाकलं. लीगने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला. दंड बोलण्याबद्दल होता. संघ हलवायला मात्र २००८ मध्ये लीगमधल्या सगळ्या संघांच्या मालकांच्या मंडळाने २८ विरुद्ध २ मतांनी परवानगी दिली. त्या मतदानात सिएटलच्या प्रेक्षकाला मत नव्हतं. चाळीस वर्षं ज्यांनी त्या खुर्च्या भरल्या त्यांना कोणी विचारायलाही आलं नाही, याची चीड मला अजून येते.

तरी सिएटलच्या हाती एक कागद होता. महापालिकेच्या स्टेडियमचा भाडेकरार २०१० पर्यंतचा होता, म्हणून शहर कोर्टात गेलं. शेवटी तडजोड झाली. मालकांनी शहराला साडेचार कोटी डॉलर दिले आणि सुपरसॉनिक्स हे नाव, ते हिरवे-पिवळे रंग सिएटलच्या भावी संघासाठी मागे ठेवले. संघ गेला आणि ओक्लाहोमा सिटी थंडर झाला. नाव राहिलं, कारण ते लिहून घेतलं होतं.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. २००६ मध्येच सिएटलच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने ठरवलं होतं, की खाजगी संघाला जनतेचा पैसा द्यायचा तर शहराला त्याचा योग्य परतावा मिळाला पाहिजे. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. दवाखाने आणि रस्ते सोडून करदात्यांनी एखाद्या अब्जाधीशाला स्टेडियम का बांधून द्यावं? पण त्याची किंमत काय मोजावी लागते, तेही त्या शहराला कळलं. उलट ओक्लाहोमा सिटीने डिसेंबर २०२३ मध्ये किमान ९० कोटी डॉलरच्या नव्या स्टेडियमसाठी विक्रीकर द्यायला मतदान करून होकार दिला. मालकांचा वाटा त्यात ५ कोटींचा. २०२५ मध्ये थंडरने विजेतेपद जिंकलं. त्या दिवशी तिथल्या लोकांच्या आनंदात खोट काढण्याचं मला काही कारण नाही, त्यांनी रोख पैसे मोजले होते. पण आधी आठवली ती सिएटलची माणसं.

आणखी एक शहर आहे, सॅक्रामेंटो. २०१३ मध्ये तिथला किंग्ज संघ विकून सिएटललाच न्यायचं जवळजवळ ठरलं होतं. म्हणजे ज्यांचा संघ गेला तेच दुसऱ्यांचा न्यायला निघाले. महापौर केव्हिन जॉन्सन हे स्वतः जुने एनबीए खेळाडू. त्यांनी दुसरा खरेदीदार उभा केला, आणि मालकांच्या मंडळाने २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं. नव्या खरेदीदारांचे म्होरके होते विवेक रणदिवे, मूळचे मुंबईचे. २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळले ते आठवत असेल. सॅक्रामेंटोचं प्रेम वाचलं, पण फुकट नाही वाचलं. शहराने नव्या स्टेडियमसाठी सुमारे २५ कोटी डॉलर घातले. त्यानंतरही संघ कित्येक वर्षं हरतच राहिला. २००६ नंतर सलग सोळा मोसम प्लेऑफ नाही. २०२३ मध्ये ते एकदाचे प्लेऑफमध्ये गेले तेव्हा गावकरी जिंकलेल्या प्रत्येक रात्री स्टेडियमवरून आकाशात सोडला जाणारा जांभळा प्रकाशझोत बघायला बाहेर येत होते. या प्रेमाला वेडेपणा म्हणायची माझी तयारी नाही.

आता किमती एवढ्या वाढतात कशामुळे? लीगमध्ये फक्त ३० संघ आहेत आणि दारं बंद आहेत. युरोपच्या फुटबॉलसारखं खाली घसरून लीगबाहेर जाण्याची भीती नाही. सतत हरणाऱ्याला उलट ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीत, चांगला तरुण खेळाडू मिळण्याची संधी जास्त. वर टीव्हीचा पैसा सगळ्यांत वाटला जातो. २०२५-२६ पासूनचा नवा करार ११ वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. बॉस्टन सेल्टिक्स २००२ मध्ये ३६ कोटी डॉलरला गेला होता, २०२५ मध्ये त्याच संघाचा सौदा ६१० कोटींच्या आसपास झाला. बॉस्टनने निदान विजेतेपदं तरी मिळवली. लॉस एंजेलिस क्लिपर्सचं काय? डोनाल्ड स्टर्लिंग यांनी तो १९८१ मध्ये सव्वा कोटी डॉलरला घेतला. त्यानंतरची बहुतेक वर्षं संघ रडतखडतच खेळला. २०१४ मध्ये वर्णद्वेषी बोलण्यामुळे लीगने स्टर्लिंग यांच्यावर आजन्म बंदी घातली आणि संघ स्टीव्ह बाल्मर यांना २०० कोटी डॉलरला विकला गेला. शिक्षा झालेल्या माणसाच्या कुटुंबाकडे दोनशे कोटी गेले. हरणाऱ्या संघाची तिकिटं काढत राहिलेल्या माणसाला काय मिळालं?

कागदाची ताकद बघायची असेल तर सिल्ना बंधूंचं उदाहरण घ्या. १९७६ मध्ये एबीए ही दुसरी लीग बंद पडून तिचे चार संघ एनबीएत आले. सिल्नांचा सेंट लुइसचा संघ घेतला गेला नाही. भरपाई म्हणून त्यांनी थोडी रोख रक्कम घेतली आणि त्या चार संघांच्या टीव्ही उत्पन्नातला सातवा हिस्सा कायमचा लिहून घेतला. तेव्हा टीव्हीचं उत्पन्न किरकोळ होतं. पुढे त्यांना कोट्यवधी डॉलर मिळत राहिले आणि २०१४ मध्ये तो हिस्सा बहुतांशी सोडवून घेण्यासाठी लीगला ५० कोटी डॉलर द्यावे लागले. संघ नाही, खेळाडू नाही, फक्त एक कलम. सेंट लुइसच्या प्रेक्षकांकडे ते नव्हतं.

खेळाडूंना मी या पंगतीत बसवत नाही. ते पैशासाठी जातात अशी तक्रार करताना एक लक्षात ठेवा, की आधी त्यांना जायची मुभाच नव्हती. करार संपला तरी हक्क जुन्याच संघाकडे राहायचा. ऑस्कर रॉबर्टसन यांनी खेळाडू संघटनेचे अध्यक्ष म्हणून १९७० मध्ये खटला भरला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि मोकळं होण्याची वाट निघाली. आज लीगच्या बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा साधारण निम्मा भाग खेळाडूंना जातो. तेही त्यांनी एकजुटीने करारात घालून घेतलं.

आणि निष्ठा मोडणारा दरवेळी खेळाडूच असतो असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने आपला सर्वांत मोठा खेळाडू लुका डॉनचिच याला एका रात्रीत लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं. त्याला स्वतःला जायचं नव्हतं. डॅलसमध्ये राहिला असता तर तो पाच वर्षांच्या सुमारे ३४.५ कोटी डॉलरच्या करारासाठी पात्र ठरणार होता, कारण एवढी मोठी रक्कम द्यायची मुभा ठरावीक अटींवर त्याच्या त्याच संघाला असते. ती संधी गेली. डॅलसच्या लोकांनी स्टेडियमसमोर शवपेटी आणून ठेवली, सामन्यांत महाव्यवस्थापकाला काढा म्हणून घोषणा दिल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या महाव्यवस्थापकांना खरंच काढलं गेलं. संघ सतत हरत होता हेही त्यामागे होतंच, तरी लोकांच्या आवाजाने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. फक्त लुका परत आला नाही.

तेव्हा माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने विचारलं, "सर, मी आता डॅलसचा का लेकर्सचा?" मी म्हणालो, तू ज्याच्यामुळे पास द्यायला शिकलास त्याच्याबरोबर जा. दुसरा मुलगा डॅलसचाच राहिला. दोघंही बरोबर आहेत. निष्ठा खेळाडूशी असू शकते, गावाशी असू शकते, खेळाच्या पद्धतीशीही असू शकते. ती मालकाशी आहे असं समजण्याची मात्र गरज नाही.

आपल्याकडे हे समजायला साखर कारखाना पुरे. सहकारी कारखान्याच्या शेतकऱ्याकडे शेअर असतो, तो सभासद असतो, निवडणुकीत त्याला मत असतं. कारभार बिघडला तर तो सर्वसाधारण सभेत उभा राहून बोलू शकतो. तोच कारखाना कर्जात बुडून लिलावात खाजगी झाला की तोच शेतकरी, तोच ऊस, तोच रस्ता. पण आता तो फक्त ऊस घालणारा. मराठवाड्यात हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. एनबीएचा चाहता पहिल्यापासून ऊस घालणाराच आहे.

सभासदांचा बास्केटबॉल संघ जगात नाही असं नाही. स्पेनमधले रिअल माद्रिद आणि बार्सिलोना हे क्लब सभासदांच्या मालकीचे आहेत आणि त्यांचे बास्केटबॉल संघ त्याच क्लबांचे विभाग. बार्सिलोनाचे सभासद लाखाच्या वर आहेत, अध्यक्ष ते निवडतात. रिअल माद्रिदने ११ वेळा युरोपचं विजेतेपद मिळवलंय, त्यामुळे सभासदांच्या संघाला जिंकता येत नाही हा आक्षेप टिकत नाही. पण तिथेही सगळं गोडच आहे असं समजू नका. माद्रिदमध्ये अध्यक्षपदाला उभं राहायचं तर क्लबच्या अंदाजपत्रकाच्या १५ टक्के इतकी बँक हमी लागते. साधा सभासद मत देऊ शकतो, उमेदवारी त्याच्या आवाक्यात नाही. सहकारी संस्थांच्या निवडणुका बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या भागात व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए या भारतातल्या बास्केटबॉल लीगमध्ये पुण्याचा आणि मुंबईचा संघ होता, ती लीग काही मोसमांतच थांबली. पण मालकाचा संघ गेल्यावर काय वाटतं हे नांदेडला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. हैदराबाद आम्हाला जवळ, देगलूर-बिलोलीकडच्या माणसांची तर निम्मी सोयरीक तिकडे. डेक्कन चार्जर्स २००८ मध्ये तळाला होते आणि २००९ मध्ये आयपीएल जिंकले, तेव्हा आमच्याकडे कित्येकांनी तो संघ आपला मानला. २०१२ मध्ये मालक कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि बीसीसीआयने करार रद्द केला. हैदराबादला दुसऱ्या मालकाचा, दुसऱ्या नावाचा संघ मिळाला. बरेच जण मुकाट्याने तिकडे गेले, काहींनी मुंबई धरली, माझ्या एका मित्राने आयपीएल बघणंच सोडलं. विजेतेपदाची ती आठवण आज कोणाच्या नावावर जमा आहे, हे त्याला कोणी सांगू शकलेलं नाही.

म्हणून उद्या एखादी लीग छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडचं नाव लावून संघ उभा करायला आली, तर मी पहिल्या दिवसापासून टाळ्या वाजवायला जाईन. फक्त क्रीडा संकुल द्यायच्या आधी महापालिकेने आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने करार लोकांसमोर ठेवावा. किती वर्षांचा आहे, मधेच गेल्यास काय भरावं लागेल, गावाचं नाव आणि रंग कोणाकडे राहतील, आणि सामना नसेल त्या संध्याकाळी कोर्ट आमच्या लेकरांना मिळेल की नाही, एवढं त्यात मराठीत लिहिलेलं असावं. तोवर संघ तुम्हाला आवडेल तो धरा. आणि जिल्हा संघटनेच्या स्पर्धा लागल्या की एखादा सामना मैदानावर जाऊन बघा. आमच्याकडे तिकीट लागत नाही, आणि खेळणाऱ्या पोरी-पोरांना कडेला उभी असलेली चार माणसंही फार वाटतात.