पाणी बाजारात कधी शिरणार?

प्रश्न : पावसाचा रेड अलर्ट येतो, पण चिपळूणच्या बाजारात पाणी किती चढेल हे आदल्या दिवशी का कळत नाही? माझं किराणा दुकान आहे.

उत्तर : ताई, पाऊस कळला म्हणजे पूर कळला, असं होत नाही. चिपळूणची वाशिष्ठी नदी सह्याद्रीच्या कड्यावरून उतरते. घाटातला पाऊस काही तासांतच शहरात येतो. पुराचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेलमध्ये जमिनीत आधीच मुरलेली ओल, कोळकेवाडी धरणातून येणारं पाणी आणि नदी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळ खाडीची भरती हे सगळं एकत्र धरावं लागतं. २२ जुलै २०२१चा पूर तर पौर्णिमेच्या तोंडावर, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत आला. माझ्या मते घाटमाथ्यावर क्षणोक्षणी आकडे पाठवणारी पर्जन्यमापकं वाढवणं सर्वांत निकडीचं आहे. तोवर घाटात मुसळधार पाऊस आणि खाडीला भरती एकत्र आली, की साखर-तांदळाची पोती लगेच माळ्यावर चढवा.