अमेरिकेत गुन्हा केलेला नसतानाही माणसाची बंदूक काढून घेतात, हा अन्याय नाही का? आणि दुश्मनी काढायला कोणीही तक्रार करू शकेल ना?

मी वकील नाही, अकरा वर्षं सिएटलजवळ राहतोय एवढंच, त्यामुळे इथे जे बघितलं-वाचलंय ते सांगतो.

आधी गावाकडचं. राजापूरला आमच्या आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या लायसनवर एक बंदूक होती, रानडुकरांसाठी, आणि निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा करावी लागायची. आजोबा दरवेळी करवादायचे की उभा राहणार कोण आणि भात जाणार माझं. पण कोर्टात जावं असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही, कारण आपल्याकडे बंदूक म्हणजे आर्म्स ॲक्ट १९५९ खालचा परवाना, साहेबांनी दिला तसा साहेब काढूनही घेऊ शकतात. (पुढे २००९ मध्ये मुंबई हायकोर्टाने सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायला हरकत घेतली आणि आता कोणाची घ्यायची ते कमिटी बघते, पण तोवर आजोबा गेले होते.) अमेरिकेत तो घटनेतला हक्क आहे, त्यामुळे इथे फौजदाराने नुसतं "जमा करा" म्हणून भागत नाही, जज लागतो, पुरावा लागतो. म्हणजे खरं तर तुमचा अन्यायाचा प्रश्न आजोबांना जास्त लागू होता!

तुम्ही म्हणताय तो "रेड फ्लॅग" कायदा, म्हणजे ज्याच्याकडून स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका वाटतो त्याची बंदूक कोर्टाच्या ऑर्डरने काही काळ काढून घ्यायची. आमच्या वॉशिंग्टन राज्यात तो २०१६ ला लोकांच्या मतदानाने आला, ६९ टक्के लोकांनी हो म्हटलं. घरच्यांनी किंवा पोलिसांनी कोर्टात अर्ज करायचा, फी नाही. धोका अगदी तोंडावर आहे असं जजला वाटलं तर समोरच्याला न बोलवताच तात्पुरती ऑर्डर निघते, मग दोन आठवड्यांच्या आत सुनावणी, तिथे तो माणूस आपली बाजू मांडू शकतो आणि पटलं तर ऑर्डर वर्षभराची होते. ही फौजदारी केस नाही, त्याच्यावर गुन्हा लागत नाही. पण हे न बोलवता ऑर्डर काढणं मलाही खटकतं, ते चौदा दिवस माणूस हात बांधून बसलेला असतो. फक्त बोलवून, नोटीस देऊन मग बंदूक घ्यायची म्हटलं तर ज्याची भीती आहे ते त्या मधल्या दिवसांतच होणार.

याची सुरुवात कनेक्टिकटने १९९९ ला केली, आदल्या वर्षी तिथल्या लॉटरी ऑफिसात एका कर्मचाऱ्याने चौघांना मारलं होतं. पण मला इंडियानाची गोष्ट जास्त समजावणारी वाटते. २००४ च्या जानेवारीत तिथे पोलिसांनी एका मानसिक आजार असलेल्या माणसाच्या बंदुका काढून घेतल्या, पण ठेवून घ्यायला कायदाच नव्हता म्हणून परत दिल्या आणि ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच्या आईला मारलं आणि नंतर जेक लेअर्ड नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला. पुढच्या वर्षी कायदा झाला तो त्याच्याच नावाने ओळखतात. फ्लोरिडासारख्या रिपब्लिकन राज्यानेही २०१८ ला पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात १७ जण गेल्यावर महिनाभरात असा कायदा केला, तिथे मात्र अर्ज फक्त पोलीस करू शकतात.

बातम्यांत हा कायदा गोळीबारापुरताच दिसतो, पण अमेरिकेत बंदुकीने जाणाऱ्या लोकांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. जीव द्यायला औषधाच्या गोळ्या घेतलेला माणूस बऱ्याचदा वाचतो, बंदूक लावून घेतलेला क्वचितच. ड्यूक विद्यापीठाच्या जेफ्री स्वॉनसन यांनी कनेक्टिकटच्या ७६२ केसेस तपासल्या, त्यांचा अंदाज असा की दर १० ते २० वेळा बंदुका काढल्या तर एक आत्महत्या टळते. आता हा आकडा थोडा की फार ते ज्याचं त्याने ठरवावं, मला थोडा वाटत नाही.

आणि कायदा आहे म्हणून आपोआप काही होत नाही हो. न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून कायदा होता, तरी तिथला एक मुलगा २०२१ मध्ये शाळेत खून आणि आत्महत्येबद्दल लिहून बसला, पोलिसांनी दवाखान्यात नेऊन तपासलं, सोडलं, आणि कोर्टात अर्ज कोणीच केला नाही. मग त्याने रायफल विकत घेतली आणि मे २०२२ मध्ये बफेलो शहरातल्या सुपरमार्केटमध्ये १० जण मारले. मला विचाराल तर खरी अडचण इथे आहे, गैरवापर नंतरचा. आईबापांना पोराविरुद्ध कोर्टात जायचं म्हणजे काय होत असेल! माझा शेजारी या कायद्याच्या पक्का विरोधात आहे, गाडीवर स्टिकर वगैरे सगळं, पण आई गेल्यावर वडील एकटे पडले आणि काहीबाही बोलायला लागले तेव्हा हाच गृहस्थ जाऊन त्यांच्या तिन्ही बंदुका आपल्या तिजोरीत घेऊन आला. म्हातारा शहाणा, देऊन टाकल्या. नसत्या दिल्या तर काय, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

दुश्मनीचं म्हणाल तर आमच्याकडे "कोणीही" अर्ज करूच शकत नाही. बांधावरून भांडलेला शेजारी, ऑफिसातला खार खाणारा माणूस, हे बसत नाहीत, त्यांना पोलिसांकडेच जावं लागेल आणि पोलिसांना पटलं तर पोलीस अर्ज करणार. घटस्फोट चाललेली बायको किंवा नवरा मात्र बसतात, तिथे खोटेपणा होऊ शकतो, म्हणून जाणूनबुजून खोटा अर्ज केला तर तो स्वतःच गुन्हा आहे. बाकी राज्यांत यादी वेगळी आहे, न्यूयॉर्कमध्ये शाळेचे लोकही अर्ज करू शकतात, त्यामुळे तुमचे कोणी नातेवाईक इकडे असतील तर आधी राज्य कुठलं ते सांगा.