सॅकचं वजन, बधिर हात आणि घरी राहिलेलं पाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दिवाळीनंतर एकदा आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा एकदा माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. ऑफिसच्या खुर्चीतली पाठदुखी मागे पडते आणि सॅक पुढे येते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कॉलेजच्या दिवसांपासून सह्याद्रीत ओझं घेऊन चालते आहे, त्यामुळे ही पत्रं मला आवडतात. पण त्यांतला गोंधळ वर्षानुवर्षं तोच आहे. ‘वजन कमी करा’ म्हटलं की माणसं पाणी, औषधं आणि स्वेटर काढतात, दुसरी जीन्स मात्र सॅकमध्येच राहते. म्हणून या वेळी साचलेली पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मे महिन्यात एका संस्थेबरोबर हिमालयातल्या रूपिन पासला निघालो आहे. माझं वजन ५८ किलो, सॅक भरून १४ किलो झाली. सामानाची यादी सोबत जोडली आहे. चालेल का? (वय ३१, डोंबिवली)

नाही, जास्त आहे. अनेक दिवसांच्या चालीत सॅक स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावी, असा एक ढोबळ आडाखा आहे. तुमच्या बाबतीत तो साडेअकरा किलोच्या आसपास येतो, तोही पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरून. हा आडाखा निरोगी आणि सवय असलेल्या माणसासाठी आहे. ९५ किलोच्या माणसानं १९ किलो उचलावेत, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. वाढलेलं वजन ओझं वाहायला मदत करत नाही, तेही गुडघ्यांनाच वाहावं लागतं.

तुमचे तंबू आणि शिधा संस्था वाहून नेणार आहे, मग १४ किलो आले कुठून? तुमच्या यादीत दोन जीन्स, सहा टीशर्ट, दोन पॉवर बँका, मोठा टॉवेल आणि दीड किलो चिवडा-लाडू आहेत. जीन्स दोन्ही काढा, भिजली की ती वाळत नाही आणि थंडीही राखत नाही. टीशर्ट तीन पुरे. चिवडा-लाडू वाटून घ्या. पावसाचा पोशाख, गरम जाकीट, टोपी-हातमोजे आणि औषधं यांना हात लावू नका. ही वाट साडेचार हजार मीटरच्या वर जाते, तिथे या गोष्टी चैनीच्या नसतात. पाठीचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, तर आकडा काहीही असो, आधी स्वतःला तपासून घ्या.

प्रश्न : टूथब्रश अर्धा कापून नेला तर वजन कमी होतं म्हणतात. खरं का? (पुणे)

पाच-सात ग्रॅमनी होतं. त्याआधी पाकिटातल्या साबणाच्या वडीकडे पाहा.

प्रश्न : दुकानदारानं ७५ लिटरची ‘ऑर्थोपेडिक’ सॅक सुचवली आहे. पाठीला आराम मिळतो म्हणतो. मी पाच फूट उंच आहे. घेऊ का? (वय २६, नाशिक)

घेऊ नका. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द सॅकच्या लेबलवर छापायला कुणाही डॉक्टरची सही लागत नाही, तो विक्रीचा शब्द आहे. आणि ७५ लिटरची सॅक घेतली की ती भरली जाते, मोकळी जागा कुणाला बघवत नाही. आपल्याकडच्या दोन-तीन मुक्कामांच्या ट्रेकला ४५ ते ५० लिटर पुरतात.

लिटरपेक्षा महत्त्वाचं माप दुकानात कुणी घेत नाही, ते म्हणजे पाठीची लांबी. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका टोकासारखा हाताला लागतो, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. सॅक त्या मापाची हवी. पाच फुटी मुलीला सहा फुटी माणसाची सॅक दिली, तर कंबरपट्टा मांड्यांवर येतो आणि सगळा भार खांद्यांवर लटकतो. दुकानातच आठ-दहा किलो वजन भरून वीस मिनिटं फिरा. रिकामी सॅक सगळ्यांनाच आरामशीर वाटते. दुकानदार वजन भरू देत नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.

प्रश्न : चार दिवसांचा रेंज ट्रेक (डोंगररांगेतून सलग चाल) करून आलो. सॅक १८-१९ किलोची होती, ग्रुपचा शिधाही माझ्याकडेच होता. उतरल्यापासून उजव्या खांद्याला आणि दंडाला बधिरपणा आहे, हात बाजूनं वर नेताना जड वाटतो. दुखत मात्र नाही. मित्र म्हणतात, ‘पट्ट्याचा वळ आहे, जाईल.’ तीन आठवडे झाले. पुढच्या शनिवारी अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांचा ट्रेक ठरला आहे. जाऊ का? (वय २३, ठाणे)

जाऊ नका. आणि हे वाचून झालं की अस्थिरोगतज्ज्ञाची किंवा मेंदू-मज्जातज्ज्ञाची वेळ घ्या, शनिवारच्या आधीची.

हे पत्र मला दर मोसमात वेगवेगळ्या गावांतून येतं, आणि नेहमी उशिरा येतं. म्हणून सविस्तर लिहिते.

मानेतून निघणाऱ्या नसांचा एक जुडगा गळ्याजवळच्या आडव्या हाडामागून काखेकडे आणि तिथून हातात उतरतो. हात उचलण्यापासून बोटं हलवण्यापर्यंतची सगळी कामं या नसांवर चालतात. सॅकचा पट्टा नेमका त्यांच्या वाटेवर बसतो. भार खांद्यावरच राहिला, तर पट्टा नसांना दाबतो आणि खांदा खाली खेचून त्यांना ताणतोही. हे तासन्‌तास चाललं की नस काम करेनाशी होते. वैद्यकात याला सॅकमुळे येणारा लुळेपणा असंच नाव आहे. जड ओझं घेऊन चालणाऱ्या सैनिकांमध्ये तो पूर्वीपासून नोंदलेला आहे.

तुमच्या मित्रांची गफलत होते ती ‘दुखत नाही’ या शब्दांपाशी. स्नायू दमले तर दुखतात आणि चार दिवसांत बरे होतात. नस दबली तर पुष्कळदा दुखतच नाही, हात नुसता जड, मुका आणि परका वाटतो. दुखण्यापेक्षा बधिरपणाला जास्त घाबरा. मुक्कामी पोहोचून सॅक उतरवल्यावर अर्ध्या तासातही मुंग्या गेल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवशी ती सॅक तुमच्या पाठीवर नको. मग ट्रेक अर्धवट राहिला तरी चालेल.

घरी एक गोष्ट पाहता येते. शर्ट काढून भिंतीला दोन्ही तळवे टेका, भिंत ढकला आणि कुणाला तरी तुमची पाठ बघायला सांगा. एका बाजूचं खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर आलं, तर त्या पात्याला बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस दुखावलेली असू शकते. पण पातं बाहेर आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. ही चाचणी डॉक्टरकडे लवकर जाण्यासाठी आहे, जाणं टाळण्यासाठी नाही.

माझ्याकडे एक मुलगा दहा आठवड्यांनी आला होता. तोपर्यंत त्यानं ग्रुपमधल्या सल्ल्यावरून तेल चोळलं होतं, मान कडाकडा मोडून घेतली होती आणि ‘सवय व्हावी’ म्हणून तीच सॅक घेऊन आणखी दोन किल्ले केले होते. खांदा एका बाजूनं उतरलेला दिसत होता. नस नुसती दबली असेल आणि तिच्यावरचा भार लगेच थांबवला, तर बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. हा मुलगाही झाला, पण त्याला वर्ष लागलं. ज्याला ‘सवय’ म्हणतात ती स्नायूला होते, नसेला होत नाही.

तुम्हाला तीन आठवडे झाले आहेत. नसांच्या विजेच्या तपासण्या, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी, साधारण याच सुमाराला नीट माहिती देऊ लागतात. त्या करायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील, कारण हीच लक्षणं मानेतल्या चकतीमुळेही येतात आणि पत्रावरून मला दोन्हींतला फरक सांगता येणार नाही. बधिरपणा दोन्ही हातांत असेल, पाय लटपटत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर वेळ घेत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. व्यायामसुद्धा तपासणीनंतरच.

आता हे टाळायचं कसं? कंबरपट्टा नाभीवर नाही, कमरेच्या हाडांच्या कडेवर बसवा आणि तो सगळ्यांत आधी आवळा. मग खांद्याचे पट्टे अंगाला लागतील इतपतच ओढा. नीट बसला की भाराचा मोठा हिस्सा कंबर घेते. जड सामान पाठीला चिकटून, पात्यांच्या मधल्या उंचीवर ठेवा. कातळटप्पे असतील तर थोडं खाली, म्हणजे तोल जात नाही. तासातून एकदा सॅक उतरवून पाच मिनिटं खांदे मोकळे करा. आणि शिधा वाटून घ्या. आपल्याकडे स्वतःची सॅक सगळे मोजतात, ग्रुपचे बटाटे-कांदे-तांदूळ कुणीच मोजत नाही, आणि ते शेवटी सगळ्यांत गप्प मुलाच्या पाठीवर येतात. तुमच्या ग्रुपच्या लीडरला हे पत्र दाखवा.

प्रश्न : एप्रिलमध्ये बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर जायचंय. वजन कमी ठेवायला लीडरनं प्रत्येकी दीड लिटर पाणी सांगितलंय, ‘वाटेत मिळतं’ म्हणतो. बाकी ओआरएसचे टेट्रापॅक घेणार आहोत. ठीक आहे का? (वय २९, कल्याण)

ठीक नाही. ‘वाटेत मिळतं’ हे कुणी, कोणत्या महिन्यात पाहिलं, ते लीडरला विचारा. नळीतले पावसाळ्यानंतरचे डोह एप्रिलमध्ये गृहीत धरता येत नाहीत. ती वाट दिवसभराची, धोंड्यांतून चढणारी, आणि दुपारी कातळ तापल्यावर खाली वारा नसतो. मी अशा वाटेला एप्रिलमध्ये पाच लिटर घेते. ते पाच किलो होतात हे खरं, पण सॅकमधलं तेवढं एकच ओझं दर तासाला कमी होतं. तेवढं उचलवत नसेल, तर महिना चुकला आहे, थंडीत जा. वजन कमी करायचंच असेल तर स्वयंपाकाची भांडी ठेवून या, गडावर गावकऱ्यांच्या झोपड्यांत जेवण मिळतं.

टेट्रापॅकबद्दल. ओआरएस म्हणजे ठरलेल्या प्रमाणातलं मीठ आणि साखर. दुकानात त्या नावानं विकलेली अनेक पेयं म्हणजे भरपूर साखरेचं सरबत होतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, इतकी वर्षं ती तशीच खपली. औषधाच्या दुकानातून साधी पुडी घ्या आणि तिच्यावर लिहिलेल्या मापातच पाणी घाला. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलिलिटरची. अर्धी पुडी अंदाजानं घालायची नाही.

चालताना कुणी असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर अंगाला घाम असला तरी तो उष्माघात समजा. सावली, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच मदत. तुमच्या गटात कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पाणी आणि मीठ किती हे त्यांनी आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारावं.

प्रश्न : सिझेरियनला चार महिने झाले. सात-आठ किलोची सॅक घेऊन राजगड करू का? (वय ३०, सातारा)

आत्ता नको. आधी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची परवानगी, मग पोटाच्या स्नायूंची तपासणी, मग सॅकशिवाय राजगड.

प्रश्न : तयारी म्हणून घोट्याला एकेक किलोची वजनं बांधून इमारतीचे जिने चढतो. बरोबर आहे ना? (वय ४४, बोरिवली)

ती वजनं सोडा. पायातलं एक किलो पाठीवरच्या चार-सहा किलोंइतकी शक्ती खातं. म्हणूनच मी बूटही हलके निवडायला सांगते. घोट्याला बांधलेलं वजन चालही बिघडवतं. त्याऐवजी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढा. चार किलोंपासून सुरुवात करून आठवड्याला एकेक किलो वाढवा, आणि गच्चीवर पोहोचलात की पाणी झाडांना घालून रिकामे उतरा. महिन्याभरानं हळूहळू वजनासह उतरायला लागा, कारण मांड्या खऱ्या दमतात त्या उतारावर. दोन काठ्या वापरा, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. गुडघा सुजला किंवा उतरताना अडकला, तर थांबा आणि दाखवा. वय ४४ आहे, तेव्हा मोठ्या ट्रेकआधी हृदयाची तपासणीही सांगते.

प्रश्न : फेब्रुवारीत स्पितीतल्या किब्बरला भरल (हिमालयातली रानमेंढी) आणि हिमबिबट्याच्या फोटोंसाठी जातोय. कॅमेरा, मोठी लेन्स, ट्रायपॉड मिळून नऊ किलो. दिवसभर पाठीवर घेऊन फिरू शकेन का? (वय ५२, कोल्हापूर)

कोल्हापुरात शकाल. किब्बर चार हजार मीटरच्या वर आहे, तिथे रिकाम्या हातानंही धाप लागते. बर्फातले कपडे आणि पाणी धरून तुमचे नऊ किलो चौदाच्या घरात जातील. गावातला माणूस मदतीला घ्या आणि ट्रायपॉड-लेन्स त्याच्याकडे द्या. त्याला योग्य मजुरी द्या, त्याच्या पाठीवरचं वजनही मोजा. भरल कोणत्या कड्यावर उतरते हेही त्यालाच माहीत असतं. कॅमेरा गळ्यात लटकवत ठेवू नका, मान पुढे येते. बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत त्या लवकर बसतात.

हिवाळ्यात मनालीकडच्या रस्त्यावरची कुंझुम खिंड बंद असल्यानं तुम्ही शिमला-किन्नौरमार्गेच जाल. तो रस्ता हळूहळू चढतो, त्याचा फायदा घ्या आणि मध्ये मुक्काम करा. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर जायचं नाही. बरं वाटेना किंवा तोल जाऊ लागला तर खाली उतरायचं, बिबट्या दिसलेला असो वा नसो. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासासाठीची गोळी, मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी आणि चालू गोळ्या डॉक्टरांना सांगा, मग ते ठरवतील.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, वजन ३२ किलो. मुक्कामी ट्रेकला त्याच्या सॅकमध्ये किती टाकू? (चिंचवड)

तीन किलोंच्या आत. २०२० च्या दप्तर धोरणातही वजनाच्या दहा टक्क्यांचीच मर्यादा आहे, आणि ते सपाट रस्त्यावरच्या शाळेसाठी. त्याचं पाणी, त्याचा खाऊ, त्याचं जाकीट, एवढंच. पाठीत किंवा टाचेत दुखतं म्हणाला तर ‘नाटकं करतो’ म्हणू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.