सांगलीत घरच्या समुद्री टाकीत डेरासा जातीचा नवा महाशिंपला आणला आहे. दोन दिवस झाले तरी तो पूर्ण उघडत नाही. काय करावे?

दोन दिवसांत घाबरण्याचे कारण नाही; सावली पडताच तो मिटत असेल, तर तो सजग आहे असे समजावे. त्याला तळाच्या वाळूवर, खाली एक लहान सपाट दगड ठेवून, मंद प्रवाहात बसवावे, म्हणजे तळाकडून निघणाऱ्या तंतूंनी तो दगड धरील. पुढे हलवायचे झाल्यास दगडासकट उचलावे, कारण ओढल्याने तंतूंची ग्रंथी फाटते आणि ती जखम बहुधा जिवावर बेतते. त्याचे अन्न मुख्यतः आवरणातील (कवचाच्या फटीतून दिसणाऱ्या मऊ, मांसल भागातील) सूक्ष्म शैवाल प्रकाशावर तयार करते, तरीही प्रकाश एकदम पूर्ण न देता दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा.

आपल्याकडचा उन्हाळा मला अधिक काळजीचा वाटतो. पारा ४० अंशांकडे जाऊ लागला की चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) टाकीतले पाणी २५-२६ अंशांवर राहत नाही. बाष्पीभवनाची भर नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने न करता आरओ-डीआय पाण्यानेच (गाळून क्षार काढून टाकलेल्या शुद्ध पाण्याने) करावी आणि खारेपणा दाखवणारी पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास स्थिर ठेवावी. रात्री टॉर्च लावून कवचाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या परजीवी गोगलगाई दिसतात का, हे अवश्य पाहावे. दिसल्यास मऊ ब्रशने काढाव्यात.